सतरा नंबरचा नमुना

मी आजवर एकाच माणसाला रबरी पाइप चावताना पाहिलं आहे. तो माणूस वेडा नव्हता हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इस्टेटीतल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या, निम्म्या लोकांचं तेच मत होतं आणि उरलेल्या निम्म्यांचं त्याहून वाईट होतं.

ते आमच्या ओळीत नऊ नंबरच्या क्वार्टरमध्ये राहायचे, आम्ही सतरामध्ये. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तयार झालेल्या मालाच्या प्रत्येक लॉटमधून नमुना काढायचा, तो मोडेपर्यंत ताणायचा, आणि ठीक वाटलं तर उरलेल्या लॉटवर आपल्या नंबरचा पोलादी ठप्पा मारायचा, हे त्यांचं काम. म्हणून कामगार त्यांना ठप्पासाहेब म्हणत. आम्ही काका म्हणायचो. बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं, नागपूरला एक पुतण्या होता.

काकांच्या तोंडी 'छान' हा शब्द मी कधी ऐकला नाही. आईचे पोहे खाऊन ते 'पास' म्हणायचे. दिवाळीत चकलीचं ताट पुढे केलं की एक उचलून कानाजवळ मोडायचे, आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "एक मोडल्याशिवाय बाकीच्यांचं काही सांगता येत नाही, वहिनी." मोडलेली चकली मात्र आवडीने खायचे. माझ्या मोठ्या बहिणीला बघायला सिहोऱ्याहून लोक आले, तेव्हा मुलाच्या हातावर आपलं घड्याळ ठेवून त्यांनी त्याला ते बंद करून परत चालू करायला लावलं. मुलगा गोंधळला. बहिणीचं लग्न पुढे त्याच्याशीच झालं, ती गोष्ट वेगळी. तिचा नवरा अजूनही तो किस्सा सांगताना लाल होतो.

आता पाइपाचं. इस्टेटीत पाणी सकाळी तासभर यायचं. तेवढ्या वेळात घरचं भरायचं आणि बागेलाही घालायचं. आईची बाग मोठी होती: मटार, टोमॅटो, कुंपणालगत शेवंती, आणि दरवर्षी हट्टाने लावलेले डेलिया. बादल्या वाहून तिची कंबर धरली म्हणून बाबांनी एक हिरवा, चकचकीत प्लॅस्टिकचा पाइप आणला. जबलपूरच्या मे महिन्यात तो पापडासारखा कडक झाला आणि पहिल्या पावसाच्या आतच तीन ठिकाणी फाटला. मग आई काकांकडे गेली. पासष्टची लढाई होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि पिशवी धरायला म्हणून काकांबरोबर बाजारातल्या फुहारा चौकाच्या बाजूच्या दुकानात गेले.

"भैया, ये नहीं. अंदर वाला दिखाओ," काका म्हणाले.

"साहब, सब एक ही माल है."

"एक ही माल है तो अंदर वाला देने में क्या तकलीफ है?"

दुकानदाराने पहिलं बंडल काढलं. काकांनी त्याचा वास घेतला आणि ते माझ्या नाकाशी धरलं. "जुने टायर वितळवून केलेला आहे. येऊन राहिला ना वास?" खरंच येत होता. दुसऱ्यावर त्यांनी ओलं बोट घासलं, बोट काळं झालं. तिसरा त्यांनी दुमडला. तो चपटा झाला आणि चपटाच राहिला. "पाइप दुमडतो तिथे मरतो," ते म्हणाले. चौथ्याचं कापलेलं तोंड त्यांनी उजेडाकडे धरून आतल्या कापडाचे पदर मोजले. दोनच भरले. तोवर दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं जमली होती आणि कोणीच आपलं काम सांगत नव्हतं.

"बगीचे में पानी डालना है, साहब, कि तोप में?" दुकानदार म्हणाला.

शेवटी कोपऱ्यातलं एक धुळकट बंडल निघालं. पाटनकडचे शेतकरी विहिरीच्या इंजिनाला लावायला तो पाइप नेत. काळा, जाड, बघायला कुरूप, तीन पदरी. काकांनी तो वाकवला, वास घेतला, बोट घासलं आणि मग चावला. चांगला दाढेखाली धरून चावला. मग मला जवळ बोलावून दाताचा खळगा दाखवला. आमच्या डोळ्यांदेखत तो खळगा हळूहळू भरून आला. "भरून आला की समज, रबरात जीव आहे," ते म्हणाले. 'जीव' हा शब्द त्यांनी साधेपणाने वापरला होता, पण मला तो त्या क्षणी आवडला नाही. त्या एकाच बंडलातून त्यांनी दोन तुकडे घेतले, एक आमच्यासाठी आणि एक स्वतःसाठी.

घरी आल्यावर त्यांनी आमच्या पाइपाच्या टोकाचा वीतभर भाग कापून घेतला. आई हळहळली. पण कारखान्याची रीत तशीच होती. पास केलेल्या प्रत्येक लॉटचा एक नमुना सील करून कपाटात ठेवायचा. पुढे कधी माल दगा देऊ लागला तर आधी तो नमुना काढून बघायचा. काका तीच रीत घरी पाळत. कापही सरळ द्यायचे नाहीत. कुठे तिरपा, कुठे पायरीसारखा. आमच्याला त्यांनी पायरी करून तिला एक दात ठेवला. "नमुना कुणाचा, यावर भांडण नको. टोकाला टोक लावून पाहायचं. बसलं तर तुमचा, नाही तर नाही."

मग तो तुकडा घोड्याच्या नालासारखा वाकवून, दोन्ही टोकं तारेने एकत्र आवळून, तारेत क्वार्टर नंबरचा पत्र्याचा बिल्ला ओवून ते आपल्या व्हरांड्याच्या भिंतीला टांगायचे. भिंत पश्चिमेची, दुपारभर ऊन खाणारी. "वाकवून उन्हात ठेवल्याशिवाय रबर खरं बोलत नाही," ते म्हणायचे. वाकलेल्या तुकड्याला तडा गेला की त्या घरचा पाइपही थोड्या दिवसांचा सोबती, असा हिशेब. त्यांनी निवडून दिलेल्या प्रत्येक घरच्या पाइपाचा तुकडा त्या भिंतीवर होता. चार ओळी काळ्या नालांच्या. आमचा आणि त्यांचा एकाच दिवशीचा, म्हणून शेजारी शेजारी. सगळ्यात पहिल्या खिळ्यावर बिल्ला नसलेला एक तुकडा होता, पार फुटून गेलेला, आतलं कापड दिसणारा. तो कुणाचा म्हणून मी विचारलं, तर "जुना लॉट आहे तो," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

मी पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ऊन, ताण आणि हवा यांनी रबराला तडे का जातात हे मी फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. तेव्हा यापुढचं मी सांगते ते भोळेपणाने सांगत नाही, एवढं वाचणाऱ्याने धरून चालावं.

पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या स्टोअरकीपरच्या नमुन्याला तडा गेला. काका संध्याकाळच्या भोंग्यानंतर त्यांच्या फाटकाशी गेले आणि म्हणाले, "तुमचा पाइप फेल झाला. बदला." स्टोअरकीपर हसले. आठवडाभराने ते ऑफिसात खुर्चीतच गेले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वय झालं होतं, साखर होती.

दुसरा तडा समोरच्या ओळीतल्या ट्रक-ड्रायव्हरच्या तुकड्याला. काकांनी जाऊन सांगितलं. त्याच्या बायकोने दुसऱ्याच दिवशी नवा पाइप आणला. तरी दहाव्या दिवशी सिहोरा रोडवर त्याचा ट्रक उलटला. ती बाई तेराव्यानंतर नव्या पाइपाचं बंडल उचलून काकांच्या फाटकात टाकून गेली.

त्यानंतर काका रस्त्याने निघाले की दारं लागायला लागली. बायका त्यांना पांढऱ्या पायाचे म्हणू लागल्या. कुणी पाइप निवडायला बोलवेना. काकांना ते फार लागलं होतं; आमच्याकडे चहा पिताना कप खाली ठेवून ते आईला म्हणाले, "रबर आहे ते, वहिनी. रबराला काय कळतं कुणाच्या घरी काय चाललंय?"

"मग भाऊजी, सांगायला जाता काहून? काढून टाका ना ते तुकडे," आई म्हणाली.

"फेल झालेलं फेल म्हणून सांगितलं नाही, तर मी कशाचा तपासणीस?"

हा त्यांचा स्वभाव. नमुन्याला हात लावणं, बिल्ला बदलणं, फेलचं पास लिहिणं, ही त्यांच्या लेखी चोरीपेक्षा मोठी चोरी होती. एका साहेबाने लॉट घाईने सोडायला सांगितला, तेव्हा काकांनी आपला ठप्पा त्याच्या टेबलावर ठेवून "आपणच मारा" म्हटलं होतं, हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. त्यांची बढती तिथेच अडकली.

मग एकाहत्तर साल आलं. पावसाळा संपता संपता कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला. माझे बाबा फिलिंग सेक्शनमध्ये होते, म्हणजे गोळ्यांत बारूद भरण्याच्या कामावर. तिथे जाताना काडेपेटी, किल्ल्या, खिळ्यांच्या चपला सगळं बाहेर काढून ठेवावं लागे. त्यांचे तळवे हळद लावलेल्या नवरदेवासारखे पिवळे झाले होते. आई लिंबाने घासायची, रंग जायचा नाही. बाबा घरी कामाचं काही बोलत नसत. आई पण विचारत नसे. फक्त वेळेचा नसलेला भोंगा वाजतो का, याकडे तिचा कान असायचा. पोळी लाटता लाटता लाटणं मध्येच थांबायचं.

आणि ती रोज दुपारी मला वाटीत काही तरी देऊन म्हणायची, "काकांना देऊन ये." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता पुढे म्हणायची, "आणि आपलं पाहून ये."

मी चिडायचे. एवढी शिकलेली मुलगी मी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि वाटीत भाजी घेऊन रबराचा तुकडा बघायला जातेय! पण जायचे. इस्टेट त्या वेळी सुनसान असायची. माणसं पाळीवर, बायका आत. भिंतीवर ऊन आलेलं असायचं, तापलेल्या रबराचा वास सुटलेला असायचा, आणि ते सगळे काळे नाल तोंड खाली करून लटकलेले. स्टोअरकीपर आणि ड्रायव्हरचे नाल पण तिथेच होते, बिल्ल्यासकट. काकांनी ते काढले नव्हते. वारा नसतानाही बिल्ले अधूनमधून टिकटिकायचे. पत्रा तापला की वाजतो, हे मला माहीत होतं. तरी मी पाऊल न वाजवता जायचे, सतरा नंबर बघायचे आणि यायचे. 'पास,' मी आईला सांगायचे. तेवढ्यावर तिचा एक दिवस निघायचा.

डिसेंबरात लढाई पेटली. रेडिओ सगळ्या घरांतून एकदम बोलायचा. त्या पहिल्याच आठवड्यात, एका दुपारी, सतरा नंबरच्या तुकड्याच्या वळणावर मला केसासारखी एक रेघ दिसली. मी बोट फिरवलं. नख अडकलं.

घरी येऊन मी आईला 'पास' म्हटलं. पहिल्यांदा खोटं. ती हसली आणि मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी गेले तर काका स्टुलावर बसले होते. भिंग डोळ्याला, आणि आमचा नाल हातात.

"रोज येऊन राहिली तू," ते म्हणाले. "काल पण आली होती. पाहिलं ना?"

मला रडू फुटलं. मी त्यांना सगळं सांगितलं: आई काहून पाठवते, बाबांचे तळवे, भोंगा, मी केलेलं खोटं. शेवटी म्हटलं, "काका, आईला सांगायला येऊ नका. पाया पडते तुमच्या. ती बाबांना पाळीवर जाऊ देणार नाही, आणि बाबा गेल्याशिवाय राहणार नाहीत. ती मरून जाईल दाराशी बसल्या बसल्या."

काकांनी पहिल्या खिळ्यावरच्या, बिल्ला नसलेल्या त्या तुकड्याकडे बघितलं. "हिला सांगितलं नव्हतं मी," ते म्हणाले. "चांगला महिनाभर तडा दिसून राहिला होता. म्हटलं, रबर आहे." ते कुणाबद्दल बोलत होते हे मला तेव्हा कळलं, आणि थंडीचे दिवस नसते तरी माझ्या अंगावर काटा आला असता.

मग त्यांनी भिंग पुसलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "उन्हात डोळे दिपतात. सावलीत पाहावं लागते. उद्या ये, मग सांगतो पास का फेल."

सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी गेले. सतरा नंबर आपल्या खिळ्यावर होता. मी वाकून बघितलं, नख फिरवलं, परत फिरवलं. कुठे रेघ नाही. गुळगुळीत. शेजारच्या नऊ नंबरला मात्र वळणावर केसासारखा तडा होता.

"माझाच फेल झाला," काका म्हणाले. "शेजारी शेजारी आहेत, तू चुकून दुसरा पाहिला. नंबर नीट वाचत जा, बेटा. सायन्सची मुलगी ना तू?"

दोन्ही बिल्ल्यांची तार नवी होती, चकचकीत. बाकी सगळ्या तारा गंजलेल्या. ते मी पाहिलं. पाहिलं आणि त्याचा विचार केला नाही, कारण मला तो करायचा नव्हता. आदल्या दिवशी तो तुकडा काकांनी स्वतः हातात धरलेला होता, हेही मी त्या क्षणी विसरले. माणूस सुटकेच्या वेळी किती चटकन विसरतो!

संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी आले. आई पांढरी पडली. पण ते म्हणाले, "वहिनी, तुमचा पास आहे. माझा फेल झाला. नियमाने सांगून राहिलो." आईने त्यांना आत बोलावून आग्रहाने दोन कप चहा पाजला. इतकी बोलकी ती कित्येक महिन्यांत झाली नव्हती. ते गेल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं आपण कशाने खूश झालो ते, आणि ती देवापुढे जाऊन बसली.

"नवा पाइप आणू ना काका?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"लढाई संपू दे. मग पाहू."

पाणी यायच्या आधी पाइपातून हवा यायची. सकाळी नळ उघडे ठेवलेले असत, आणि मिनिटभर ओळीतल्या सगळ्या पाइपांतून एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज निघायचा. काका टोक कानाला लावून स्टुलावर बसायचे आणि 'आलं' म्हणायचे, की पाणी यायचं. लढाई संपल्याचं रेडिओवर सांगितलं त्याच्या दुसऱ्या सकाळी आमच्या पाइपाने श्वास सोडला, पाणी आलं, मी शेवंतीला घातलं. थोड्या वेळाने रस्त्याने वाहत आमच्या फाटकापर्यंत पाणी आलं. मी त्या पाण्याच्या उलट दिशेने चालत गेले. नऊ नंबरच्या अंगणात काका स्टुलावर बसले होते, भिंतीला टेकून, पाइपाचं टोक कानाला लावलेलं. त्यांच्या खांद्यावरून, छातीवरून पाणी वाहून खाली जात होतं. त्यांनी 'आलं' म्हटलं होतं की नाही, कोण जाणे.

बाबा त्या दिवशी पाळीवरून आले ते थेट तिकडेच गेले. पिवळ्या हातांनीच त्यांनी खांदा दिला.

मला एक गोष्ट खटकत राहिली. फेल झालेला काकांचा पाइप त्या सकाळी पूर्ण जोराने वाहत होता आणि त्यातून कुठे थेंब गळत नव्हता. उलट चार दिवसांनी आमचा, पास असलेला, मधोमध फुटला आणि आईच्या तोंडावर कारंजं उडालं.

तेराव्याला नागपूरचा पुतण्या आला होता. त्याला म्हटलं, मला भिंतीवरचे दोन तुकडे हवेत. तो म्हणाला, सगळे न्या ना ताई, मी कचऱ्यातच टाकणार होतो. मी सतरा आणि नऊ उतरवले आणि आमच्या अंगणात बसून तारा सोडल्या. सतरा नंबरचा बिल्ला असलेला तुकडा आमच्या पाइपाच्या टोकाला लावला. बसला नाही. त्याचा काप तिरपा होता. मग नऊ नंबरचा, तडा गेलेला, लावला. पायरीला पायरी मिळाली आणि दात खाचेत जाऊन बसला.

मी ते जोडलेलं टोक मुठीत धरलं. ज्या माणसाने साहेबापुढे ठप्पा ठेवून दिला, त्याने आयुष्यात एकदाच बिल्ले बदलले होते. रबराला काय कळतं म्हणणाऱ्याने. मला त्यांचा राग आला, प्रेम आलं, भीती वाटली, सगळं एकाच वेळी.

खरं तर बिल्ले जागच्या जागी लावायला हवे होते. काकांना तेच पटलं असतं. नमुना ज्याचा त्याचा. मी सतराचा बिल्ला तडा गेलेल्या तुकड्याजवळ नेलाही. तेवढ्यात दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. लढाई संपली होती, पण फिलिंगचं काम संपलं नव्हतं. बाबा डबा घेऊन बाहेर आले, नेहमीसारखी सायकलची घंटी एकदा वाजवून बघितली आणि फाटकातून म्हणाले, "येतो गं."

मी ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत थांबले. मग नऊचा बिल्ला परत तडा गेलेल्या तुकड्यालाच बांधला आणि पकडीने तार घट्ट पिळली.